सातवा रकाना

शिष्यवृत्तीच्या कागदावर येशीमेबेतचं नाव आहे,
तिच्या माशांचं आहे,
तिच्या प्राध्यापकांचं तर दोनदा.
सातव्या रकान्यात मी आणि बिसरात,
एकाच शब्दात बसवलेले: आश्रित.
माझं वय एकतीस. त्याचं पाच महिने.

बाहिर दारला मी नववीला गणित शिकवायचो.
बावन्न पोरं, दिवसाला दोन खडू.
इथे त्रोम्सोत माझं गणित असं:
भाडं वजा, बसचा पास वजा,
लंगोटांची दोन पुडकी वजा,
उरेल त्याला तीसनं भागायचं.
उत्तर दर महिन्याला तेच येतं,
तरी मी पुन्हा मांडून बघतो.
मास्तरची खोड.

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला.
गेला म्हणजे गेलाच, डोंगरामागे, येतो असं न म्हणता.
दुपारी बाराला तासभर आभाळ निळं होतं
दौत विसळलेल्या पाण्यासारखं,
तेव्हा मी बिसरातला गुंडाळतो, लोकर, वर लोकर, वर पिशवी,
आणि त्याचं दूध आणायला निघतो.
हो, आणायला.
ते प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये असतं,
तिसऱ्या कप्प्यात, कॉडच्या यकृतांशेजारी,
बाटलीवर तिच्या अक्षरात तारीख.
एकदा हालवर नावाच्या पोरानं विचारलं,
हा नमुना कुठल्या जातीचा?
सस्तन, ती म्हणाली, हात लावू नकोस.

घरी हे सांगताना ती हसत सुटली.
मग बिसरातला कुशीत घेतलं
तर त्यानं तोंड फिरवलं. बाटलीची सवय.
त्या रात्री ती बराच वेळ भांडी घासत होती.
भांडी दोनच होती.

खालच्या मजल्यावरच्या तोरहिल्डबाई म्हणतात,
पोराला दुपारी बाहेर निजवा, हवेत.
हवा उणे सहा.
आमच्या गल्लीत असं कुणी केलं असतं
तर शेजाऱ्यांनी आधी पाद्री बोलावला असता, मग डॉक्टर.
तरी एक दिवस गाडी अंगणात लावली
आणि काचेला नाक चिकटवून उभा राहिलो.
दोन तास झोपला, लबाड.
जन्मल्यापासून पहिल्यांदा दोन तास.
मला त्या वेळाचं काय करायचं ते सुचेना.
काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं होतं,
त्यावर बोटानं एक समीकरण सोडवलं.

ते तोरहिल्डबाईंनी बाहेरून पाहिलं, उलटं.
मंगळवारपासून त्यांचा नातू सीवर्ट येतो.
त्याला अपूर्णांक येत नाहीत, मला त्याची भाषा.
इंजेराची भाकरी मध्ये ठेवतो आणि फाडत जातो:
पाव, अष्टमांश, षोडशांश.
धडा संपतो तेव्हा भाकरीही संपलेली असते.

आई फोनवर विचारते, तुला पोसतं कोण रे तिथे?
सून, मी म्हणतो.
तारेच्या त्या टोकाला रस्त्यावरचा गोंगाट, एक गाढव,
मग आई: तिला वेळेवर जेवू घाल म्हणजे झालं.

जानेवारीत एकवीस तारखेला सूर्य परततो.
अख्खं गाव त्याच्या नावानं गोड पाव खातं.
आम्ही टेकडीवर गेलो, ढग होते, तो दिसला नाही.
लोकांनी पाव खाल्ले तरी.
बिसरातनं आतला मुरंबा माझ्या कॉलरला पुसला.

काल मुदतवाढीचा अर्ज आला.
येशीमेबेत टेबलाशी बसली, हाताला माशांचा वास,
सहा रकाने सरसर भरले. सातव्यात
माझं नाव लिहिलं, बिसरातचं लिहिलं, थांबली,
मग पेन्सिलीनं खाली तिसरं: येशीमेबेत.
द्यायच्या आधी खोडून टाक, म्हणाली
आणि डोकं टेकवून तिथेच झोपली.

कचेरी तीनला बंद होते.
आता दोन वाजून दहा मिनिटं.
खोडरबर माझ्या खिशात आहे,
पोर छातीशी,
हीटरखाली पीठ फुगून भांड्याच्या काठाशी आलंय.