शेंगांचा हिशेब

बालाजी टॉकीजात आता सरकीची पोती असतात.
खुर्च्या भंगारात गेल्या,
पडद्याचं काय झालं कुणाला ठाऊक नाही,
फरशीचा उतार मात्र होता तसाच,
म्हणून थप्पी कशीही लावा,
पोती पडद्याकडं झुकतात.

समोरच्या हॉटेलात आम्ही चौघं, सेलूचा बाजार उठल्यावर.
चहा अर्धा-अर्धा आणि वाद तोच:
आजवरचा सगळ्यात थोर पिक्चर कोणता?
हाणामारीचे नकोत, गाण्यांवर चाललेले नकोत,
काबराच्या भाषेत 'घरातले पिक्चर',
ज्यात माणसं नुसती एकमेकांसमोर उभी राहतात
आणि तेवढंच पुरून उरतं.

काबरा कापडवाला, मोजल्याशिवाय त्याचं भागत नाही.
अकरा आठवडे, म्हणतो, त्या पोस्टमनचा,
एक पत्र पंचवीस वर्षं पिशवीत ठेवणाऱ्या.
अकरा आठवडे! सेलूत! तेही ऐन वेचणीत!
तांगडे सरांना आठवडे मान्य नाहीत.
गर्दी काय, जत्रेलाही होते.
त्यांचा पिक्चर वकिलाचा, जाणूनबुजून केस हरणाऱ्या.
त्यातलं शेवटचं वाक्य सर अजून उभं राहून म्हणतात,
चष्मा काढून.
जब्बारभाई ऑपरेटर. त्यांनी सगळेच पाहिले,
वीतभर खिडकीतून, मशीनच्या खडखडाटात, बहुतेक मुके.
रीळ तुटल्यावर पब्लिकनं शिट्टी मारली नाही,
अंधारात तशीच बसून राहिली, तो थोर, म्हणतात.
असे दोन होते. दुसरा आठवत नाही.

माझं ठरलेलं. घड्याळजीचा पिक्चर.
बाप पोराशी बोलत नाही, बोलतच नाही, आणि शेवटी...
इथं मी हात वर करतो,
'शेवट सांगण्यासारखा नाही' म्हणतो,
तिघंही माना डोलावतात.
तीस वर्षं मी त्या मानांवर जगलोय.

परवा प्रयागबाई टेकली बाकावर.
टॉकीजच्या दारात तिची शेंगांची पाटी असायची.
एकही पिक्चर पाहिला नाही तिनं;
तिकिटापुरते पैसे होते,
पाटीपाशी बसवायला माणूस नव्हतं.

"कामून भांडायलात?"
ऐकून घेतलं आणि हसली.
"मला इचारा की. हलका पिच्चर असला की पाटी रिकामी.
टरफलं झाडता झाडता पोरगं मेटाकुटीला यायचं.
भारी असला की मेली माणसं खायचीच इसरायची,
घामेजल्या मुठीत शेंगा तशाच घेऊन भाहीर.
त्या घड्याळवाल्यात माझ्या दोन पायल्या उरल्या.
लई वंगाळ पिच्चर."

मी टेबलावर थाप मारली. बघा!

तिनं डोळे बारीक केले.
"तू कशाला वरडायलास? तू तर इंटरवलालाच गेलतास.
दप्तर छातीशी धरून.
फुकट देत होते तरी शेंगा घेतल्या न्हाईस."

हॉटेलात कुणीतरी कपबशा विसळत होतं.
काबरानं माझ्याकडं बघणं टाळलं.

खरंय. दोन रांगा पुढं वडील बसले होते.
जिनिंगमध्ये काट्यावर असायचे,
घरीही शब्द तोलूनच द्यायचे, वर चिमूट नाही.
त्यांचे खांदे हलत होते.
आधी वाटलं, खोकला.
दिवे लागायच्या आत मी बाहेर पडलो,
पकडला जाईन म्हणून नव्हे,
त्यांना पकडीन म्हणून.

जब्बारभाई हळूच म्हणाले, शेवट सांगू का?
मी म्हटलं, नको.
मग प्रयागबाईलाच विचारलं,
काट्यावरचे भीमाशंकरराव आठवतात का?

"त्यांना कोन इसरंल? सगळ्यांत मागून आले.
घेतलेल्या शेंगा पाटीत परत टाकल्या,
पैसे मागितले न्हाईत.
मी मापून बघितल्या नंतर.
एक बी कमी नव्हती."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तांगडे सरांनी चष्मा काढला,
म्हणाले, तरीही, वकिलाचाच.
काबरा म्हणाला, अकरा आठवडे.
मी चहाचे पैसे दिले.