चारशे बारा

बर्फ मिरकरवाड्याचा.
आमचं यंत्र एप्रिलपासून बंद,
म्हणून बांगड्यांच्या क्रेटवरचा खरवडून आणते,
थर्माकोलच्या डब्यात, दोन-चार खवल्यांसकट.
कीर सर म्हणतात, खवले चालतील, ऊब चालणार नाही.

तिसऱ्या राजिवाड्याच्या जैबुननं आणलेल्या.
भाट्याच्या खाडीत ओहोटीला
अंगठ्यानं चाचपून चिखलातून काढते ती.
पिशव्या दोन: एक पुलाच्या वरच्या अंगाची,
एक जेटीकडची, जिथे पाण्यावर
डिझेल मोरपिशी होऊन पसरतं.
गाठी वेगवेगळ्या. तिचं लेबल तेवढंच.

शिंपला उघडायचा,
आतला हिरवट काळा गोळा उचलून
बर्फातच घोटायचा, आणि घाई करायची.
ग्लुटाथायोन झिजायलाच जन्मलेलं;
आपण मोजायला बसेपर्यंत
निम्मं खर्ची पडलेलं असतं.

खर्च कशावर? खिडकीचे गज बघा,
पापुद्रे सुटलेत. यंत्राच्या बिजागरीला
दर शनिवारी खोबरेल लावते मी.
तेच शिंपल्याच्या आतही चाललेलं,
आवाज न करता.

आम्ल घातलं की प्रथिनं नासल्या दुधासारखी फुटतात.
सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं घरघरतं.
वरच्या निवळीत अभिकर्मकाचे थेंब,
आणि पिवळं:
कधी हळदीचे हात धुतल्या पाण्याइतकं,
कधी थेट सोनचाफा.

जेटीकडचं जास्त पिवळं.
कोरा नमुना पुन्हा ठेवला, शून्य केलं,
क्युव्हेटवरचा बोटाचा ठसा पुसला.
चारशे बारा नॅनोमीटर. तरी जास्त.

चपला दाराबाहेर काढून जैबुन उभी.
"जास्त म्हंजे चांगलं ना?"
म्हटलं, जास्त म्हणजे त्यांनी साठवून ठेवलंय.
"कशापायी?"
भीतीनं, म्हणाले मी.
हा शब्द अहवालात चालत नाही.

तिला मात्र चालला.
"माझ्या घरात मे महिन्यात सुकट लय असते.
म्हंजे मी श्रीमंत नाय,
म्हंजे बंदी येतेय."

मग म्हणाली, "खायच्या का नाय, तेवढं सांग."

वहीत आकडा होता,
तीन दशांश स्थळांपर्यंत.
बादलीत उरलेल्या तिसऱ्या
बारीक पिचकाऱ्या सोडत होत्या.

तिनंच गाठी चाचपल्या.
वरच्या अंगाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली,
"ओलं खोबरं सढळ घाल."
जेटीकडची
परत टोपलीत गेली.
बाजार साडेचारला भरतो.