सहा फूट दोन इंच

एर्मेलिंदाबाईंचं फाटक सहा फूट दोन इंच.
मी सुतळीनं मोजलं, मग टेपनं, मग पुन्हा सुतळीनं,
आणि तिथे गाठ मारून सुतळी खिशात टाकली.
बाकीची फाटकं मोठी. आसगावात तर लॉरी आत वळते.
पण गाठ मारायची ती सर्वांत अरुंद जागी,
हे मला हळदोण्याच्या गल्लीत कळलं,
पाण्याचा टँकर दोन गडग्यांमध्ये अडकला त्या दुपारी.

मामा म्हणाला, माझी घे.
डिचोलीत शेडमागे उभी आहे त्याची पिवळी,
खाणी बंद पडल्या त्या वर्षापासून.
बकेटमध्ये पाणी, पाण्यात बेडूकमासे,
केबिनमध्ये कुत्री व्यालेली.
घरचा भाव लावतो, म्हणाला, आणि ताकद बघ,
एका घासात तुझा अख्खा बगीचा.

तेच तर, मामा.
मला हवाय एक खड्डा, तीन बाय तीन,
डावीकडे सेप्टिक टँक, उजवीकडे म्हातारा सोनचाफा,
खाली कुणी कुठून नेली देव जाणे अशी पाइप
आणि बाल्कांवात बसून बघणारी मालकीण.

म्हापशाचा सेल्समन एचपी सांगतो,
चोवीस, अठ्ठावीस, पस्तीस,
स्थळ आणणाऱ्यानं पगार सांगावा तसा.
मी विचारतो, वजन किती.
मागचा हात लावल्यावर रुंदी किती, पाय टेकवल्यावर किती.
लॉनवर चाकांची नक्षी किती दिवस राहते.
तो कॅटलॉग उलटतो. त्यात सपाट शेत आहे,
क्षितिजापर्यंत एकही चिरा नाही.

फकीरप्पा काहीच विचारत नाही.
गदगचा. नऊ वर्षं माझ्याकडे.
पिकासाच्या दांड्याला त्याच्या हाताचा आकार आलाय
की हाताला दांड्याचा, आता सांगता येत नाही.
जांभा फोडताना आवाजावरून सांगतो,
खाली माती आहे की अजून दगड.
यंत्र आलं तर खड्डे जातील
हे त्यानं माझ्याआधी मोजलंय,
सुतळीशिवाय.

डेमोची लाल मशीन मयेला आली, नर्सरीमागे.
दात जांभ्यावर घासले, तांबडा धुरळा,
आणि दाढ उपटतानाचा तो आवाज.
सतरा मिनिटांत खड्डा. आमचा दीड दिवस.
सेल्समननं हात झटकले, जणू त्यानंच खणला.
फकीरप्पा आत उतरला, तळ चाचपला.
"वाकडा आहे. या बाजूला चार बोटं वर."
बाहेर आला, पँटीला हात पुसले,
सीटकडे बघत म्हणाला, "कुठला दांडा काय करतो?"

पहिल्या तासात त्यानं क्रोटनच्या अकरा कुंड्या फोडल्या.
दुसऱ्या तासात एक.
आणि दर तीन घासांनी इंजिन बंद करून
मान वाकडी करून बसायचा.
सेल्समन कळवळला, स्टार्टर जाईल हो अशानं!
मी म्हटलं, जाऊ दे. तो ऐकतोय.

सुलक्षानं वहीत हप्ते मांडले, साठ.
पावसाचे चार महिने कोरे सोडले, चवथीचा खर्च वेगळा.
पेन्सिल दाताखाली धरून म्हणाली, घे.
पस्तीसची नको. चोवीसची घे.
मामानं फोन मधेच ठेवला. अजून उचलत नाही.

आज पहिलं काम, हळदोण्यालाच.
आरसे दुमडून, दोन्ही बाजूंना तीन तीन इंच,
फकीरप्पानं ती फाटकातून आत घेतली. मी श्वास धरून.
एर्मेलिंदाबाई म्हणाल्या,
इथून एकदा पियानो आत आला होता,
त्याचे पाय काढावे लागले होते.

चाफ्यापाशी पहिला घास. दुसरा. तिसरा.
मग इंजिन बंद.
बाई काही विचारणार होत्या,
त्यांनीही मान वाकडी केली.