शून्य पाऊल

दिवसा मी सावद्याच्या भुईकाट्यावर बसतो,
केळीच्या गाड्या तोलतो.
मागचं चाक पत्र्याबाहेर राहिलं
तर आकडा येतो, वजन येत नाही.
संध्याकाळी काळी पँट, करडा शर्ट, गळ्यात शिट्टी.
लोकांना वाटतं ही दोन कामं आहेत.

परवा चोपड्याला मुलींची फायनल होती.
सिमेंटचं मैदान, दिवसभर तापलेलं,
रात्री नऊलाही बुटाच्या तळव्यातून चटका वर येत होता.
आश्रमशाळेची सुमली पावरा, सात नंबर,
चेंडू छातीशी धरून पडली
आणि बारीक रेतीवरून हातभर घसरली.
खुर्च्यांमधून एकच ओरड: ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!
कुणीतरी माझ्या आईलाही मधे आणलं.
शिट्टी ओठांत होती. फुंकली नाही.
घसरणं हा गुन्हा नाही.
ती चेंडूसकट कुशीवर लोळली असती,
किंवा तशीच उठून उभी राहिली असती,
तर मुठी फिरवून मीच आधी ओरडलो असतो.
पण तिने पडल्या पडल्याच पास दिला
आणि सोललेलं कोपर चाटून धावत सुटली.

मध्यंतरात बोरोले गुरुजी चहा घेऊन आले.
म्हणाले, थांबून परत टप्पा म्हणजे डबल,
एवढं तर आम्हालाही कळतं.
मी म्हटलं, गुरुजी, तिने तो थांबवलाच नव्हता,
हातातून निसटला होता.
बशीत सांडलेला चहा
तुम्ही दुसरा कप धरता का?
ते बशीकडे बघत राहिले.
पटलं नसावं.

खरं अवघड वेगळंच आहे.
तळवा चेंडूखाली गेला,
तो तिथे नुसता गेला की क्षणभर विसावला?
पिव्होटच्या पायाची टाच उठली, चालेल.
बोटांवर गिरकी घेतली, चालेल.
पण टप्पा टाकताना
आधी चेंडू सुटला हातातून
की आधी बोटं सुटली जमिनीपासून?
नजर एक, बघायचं दोन जागी,
आणि पुस्तकातली चित्रं सगळी उभी.

बावीस वर्षांपूर्वी दोंडाईच्यात
हिंमत कोळी नावाचं एक पोर होतं.
धावता धावता चेंडू त्याच्या हाती आला
तेव्हा उजवा पाय जमिनीवर,
मग डावा,
मग पुन्हा उजवा, आणि बास्केट.
मी शिट्टी मारली. तीन पावलं. बास्केट रद्द.
एका गुणाने हरले.
त्याने वाद घातला नाही.
फक्त मागे गेला, उजवा पाय त्याच जागी ठेवला
आणि माझ्याकडे बघितलं.

पुढे नियम बदलला.
त्या पहिल्या पायाला आता शून्य म्हणतात.
जळगावच्या पंच शिबिरात
फळ्यावर कुणीतरी ते शून्य काढलं,
आणि मी वहीत तेच गिरवत बसलो,
पुढचं पान फाटेपर्यंत.

गेल्या मंगळवारी पहाटे गाडी लागली, दिल्लीचा माल.
ड्रायव्हर खाली उतरला. केस गेलेले, गळ्यात गमछा.
चाल बघूनच मी म्हटलं, हिंमत ना?
ती तुझी दोंडाईच्याची बास्केट,
आता असती तर धरली असती.
त्याला आठवायला वेळ लागला नाही.
"मना पाय तवय बी तठेच व्हता, भाऊ.
कायदाच मांगे व्हता.
आते वजन करा, माल तापी राह्यना."

मी वाकून सगळी चाकं पाहिली. दोनदा.
वजन झालं, पावती निघाली.
ती त्याच्या हातात टेकली
तेव्हा उजवा पाय जमिनीवर होता.
मग डावा, पायरीवर.
मग उजवा, केबिनमध्ये.
मी मोजत होतो.
दार लागलं.
मागच्या गाडीने हॉर्न दिला.