कुंद्यावरचे डाग

मुद्देमालाच्या खोलीत उजेड नव्हता,
म्हणून बंदूक बाहेर आणली, ठाण्यामागच्या चिंचेखाली,
टेबलावर पोतं अंथरून.
कारकून पावती शोधायला गेला तो गेलाच.
करुणा गेडाम बाकावर, मांडीवर बापाच्या लायसनची वही.
"अंदाज सांगा जी. तीन दहाची यष्टी हाय मले."

मी बोल्ट काढला, नळी उन्हाकडं धरली.
फौजेतून बाद झालेला माल.
लढाईच्या वर्षातली रायफल, पुढं कारखान्यानं
आतले आटे खरवडून
चारशे दहाची मस्केट करून सोडलेली,
लांब जायची खोड मोडून गावात राहायला धाडलेली.
नंबर अंगावर नि बोल्टवर एकच. हे चांगलं.
माशी जराशी डावीकडं कललेली. चालतं.
नळी आतून घासलेल्या थाळीसारखी.
वहीत पाहिलं: एकोणीस वर्षं,
घेतलेली काडतुसं पंचवीस, शिल्लक तेवीस.
"दोन कुठं गेली?"
"एक झेंड्याले वाजवाले घेतला, फुटलाच नाई.
दुसरा मले मालूम नाई जी."

आतून कोरी, पण बाहेरून
नळीची निळाई मधोमध गेलेली, बरोबर वीतभर,
पंजा धरतो तिथं.
कुंद्याखालची पितळी पट्टी एकाच कोपऱ्यात झिजून
सुरीच्या पात्यागत पातळ.
अशी झीज रानात होत नाही.
अशी झीज फरशीवर होते.

"बँकेत होते बाबा, पिंपळखुटच्या शाखेत.
फौजेतून आले तवा अटच तशी.
सोताची बंदूक असन त गार्ड."

मी मनात कापत गेलो:
पट्टीचे तीनशे, निळाईचे हजार,
चारशे दहाचं काडतूस आता नागपुरातही सहज मिळत नाही, त्याचे दोन.
शिवाय बँकांनी कॅमेरे लावले,
गार्ड एजन्सीचे, त्यांच्या हातात नुसती काठी.
नवं लायसन कोण देतो?
घेणारा नाही त्या मालाला भाव कसला,
भाव म्हणजे कोणीतरी दारात उभा असणं.

मग कुंदा उलटला.
डाव्या अंगाला, खांद्याला टेकतो तिथपासून खाली
जांभळे डाग. एकावर एक, शेकडो,
काही बोटाच्या रुंदीचे, काही फराटे.
मी म्हटलं, पॉलिश उतरलं, की कसलं तेल लावलं?
नखानं खरवडून पाहिलं. लाकडात मुरलेलं.

करुणा पहिल्यांदा हसली.
"पगारीच्या दिवशी म्हाताऱ्या येत निराधारच्या.
बाबा त्यांच्या चिठ्ठ्या भरून देत, बंदूक भितीले टेकवून.
आंगठा लावला का त्या भितीलेच पुसत.
साहेब लय वरडे. चुना नवा व्हता ना.
बाबा मने, मंग इथं पुसा बाई,
हे सरकारी लाकूड हाय, याले काई होत नाई."

चिंचेचा पाला पडत होता नळीवर.
आत वायरलेसवर कोणी कोणाला तरी
पुन्हा पुन्हा तोच नंबर सांगत होतं.

"डाग काढले त किती वाढन?"
"पाचशे. फार तर सातशे."
तिनं वही मिटली, उघडली.
रस्त्याकडं पाहिलं.
"काढा."

पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, चिंधी भिजवली.
वरचे डाग सुटले,
खालचे राहिले, लाकडाच्या रेषांत शिरून.
मी जोर लावला. मग तितका लावला नाही.
चिंधी जांभळी झाली, पोतं जांभळं झालं.

कारकून पावती घेऊन आला,
म्हणाला, लिहा, अंदाजे किंमत, अक्षरी नि अंकी.
आठ हजार पाचशे लिहिलं.
सही केली तेव्हा कागदाच्या कडेला
अर्धा अंगठा उमटला, माझा.
कारकून म्हणाला, अहो, सही करता येते ना तुम्हाला?

यष्टीचा हॉर्न वाजला नाक्यावर.
करुणा उठली, चप्पल चाचपली,
आणि मी तिथंच उभा, हात अंगापासून लांब धरून,
अंगठा पुसायला जागा शोधत.