अर्थिंग

नवतप्याच्या चौथ्या दिवशी
सुगत खोब्रागडे दुकानात आला,
पाठीला गिटार, हातात अ‍ॅम्प,
शर्टाचा रंग घामानं दोन झालेला.
"मावशी, हे घुमून राहिलंय.
बर्डीवरचा म्हणतो पिकअप बदला. साडेतीन हजार."

माझी पाटी मोटार वाइंडिंगची.
जरीपटक्यात कुणाचा कूलर बसला
की माणसं पंप काखेत मारून इथं येतात,
मे महिन्यात मला जेवायला फुरसत नसते.
गिटार मी जन्मात उघडली नव्हती.
पण घुमणं मला कळतं.
हे पन्नासचं घुमणं.
कोराडीला सुरू होतं, तारांवरून गावात उतरतं,
आणि फ्रिजच्या पोटात, ट्यूबच्या चोकमध्ये,
जागा मिळेल तिथं बसतं.

आधी अ‍ॅम्पचा प्लग पाहिला.
पोरं तिसरी पिन तोडतात,
दोनाच्या बोर्डात बसत नाही म्हणून.
याची शाबूत होती.
"तारांवर हात ठेव."
ठेवला. घूं तशीच.
"आता वायर घुसते तिथल्या पत्र्यावर बोट."
टेकवलं, आणि ती दबली,
सासरा ओसरीवर खाकरला की
स्वयंपाकघर दबतं तशी.
म्हणजे पत्र्याला जमीन भेटते,
तारांना नाही.

मीटरचं एक टोक ब्रिजला, एक जॅकला.
जोड असला की मीटर चिवचिवतं.
ते गप्प.

स्क्रू काढले. आत धूळ,
एक लवंग, कुठून आली कोण जाणे,
आणि ब्रिजखालच्या भोकातून वर आलेली काळी वायर,
टोक छान चपटं करून निजवलेलं
वार्निशवर.
मोहननगरच्या ज्या माणसाची ही जुनी गिटार,
त्यानं कधीतरी हौसेनं रंग दिला असणार.
सगळं चकचकीत झालं,
तांब्याला लोखंड शिवायचं तेवढं राहिलं.

ब्लेडनं नखाएवढी जागा खरवडली.
कथलाचा एक थेंब.
ब्रिज परत बसवला.
चिव.

उघडंच होतं म्हणून पिकअपही पाहून घेतला.
केसाहून बारीक तांबं, हजारो वेढे.
तीस वर्षं मीही तांबंच गुंडाळते,
जाड, कशाला तरी गरगर फिरवायला.
हे कुणी नुसतं ऐकायला गुंडाळलंय.
थोडा वेळ त्याला हात लावला नाही.

तरी तळाशी जराशी घूं उरलीच.
कूलर बंद केला. कमी झाली,
आम्ही दोघं निथळलो, पण ती जाईना.
तेव्हा मागच्या दारचा अर्थिंगचा खड्डा आठवला.
शालिकराव होते तेव्हा मीठ-कोळसा तेच भरायचे,
उन्हाळाभर रोज एक बादली ओतायचे.
दोन वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते.
नळ एक दिवसाआड,
म्हणून कूलरच्या टाकीतलंच पाणी काढलं.
भेगांनी ते आवाज करत ओढून घेतलं.
दुसऱ्या बादलीला आतून सुगत ओरडला,
"गेलं बाप्पा!"

मग त्यानं बटण मधल्या खाचेत टाकलं,
दोन्ही पिकअप एकदम.
आवाज एकाएकी हाडकुळा, नाकातला.
एकाच्या वायरी उलट्या जोडल्यात, ऐकूनच कळलं.
दोघं सांगतात तीच गोष्ट,
पण एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो,
आणि त्यातलं जाडजूड सगळं
आपसातच खर्ची पडतं.
शालिकरावांचं नि माझं असंच होतं.
शेजाऱ्यांना वाटायचं,
या घरात कुणी बोलतच नाही.

"दोन मिनिटांचं काम आहे, सरळ करून देते,"
म्हणत आयर्न पुन्हा तापत ठेवलं.
तो मान वाकडी करून वाजवतच होता.
"राहू द्या मावशी. हा असाच पाहिजे."

ऐंशी रुपये झाले.
त्यानं शंभराची नोट काढली, माझ्याकडे सुटे नव्हते.
दारात एक माणूस ठिबकता पंप घेऊन उभा होता,
त्याला म्हटलं, थांब जरा.
आणि सुगतला म्हटलं,
विसाचं वाजव.