चौथ्या मागाची जागा

चौथा माग भंगारात गेला त्या दिवशी
जमिनीत चार बोल्ट तेवढे उरले
आणि तेलाचा एक काळा चौकोन,
घासून न निघणारा.

टेप लावली. सहा फूट बाय दोन.
यादगिरी वेल्डरनं विचारलं, वजन किती ओ?
टनभर, म्हटलं. पाणी, दगड, काच धरून.
बत्तीस वर्षं हादरे खाल्लेत या फरशीनं,
गप्प उभं राहणारं वजन म्हणजे तिला सुट्टीच की.

अनसूया काही बोलली नाही.
मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री चालूच.
बोलली ती नळाच्या दिवशी, पहाटे साडेतीनला,
हंडे, बादल्या, पातेली, चहाचं भांडंसुद्धा भरून झाल्यावर,
माझ्या निळ्या पिंपाकडे बघत:
"पाचव्या दिवशी पाणी येतंय या गावात,
आणि तुम्ही सहाशे लिटर खारं करणार?"

फिल्टर एक बादली देतो, तीन नाकारतो.
नाकारलेल्यात तिनं चादरी धुतल्या, अंगण धुतलं,
राजमणीच्या लेकराची दुपटी मागून आणून धुतली.
एक थेंब गटारात जाऊ दिला नाही,
एक शब्दही माझ्याकडे येऊ दिला नाही.

मीठ पुण्याहून ट्रान्सपोर्टनं आलं, एकवीस किलो.
वाणी म्हणाला, माझ्याकडचं काय अळणी आहे होय?
ढवळलं. रात्रभर पाणी दुधाळ,
सकाळी असं नितळ की टाकी रिकामी वाटावी.
काचेच्या नळीवर एक थेंब, नळी उजेडाकडे,
निळं आणि पांढरं भेटतं तिथला आकडा वाचायचा.
एक डोळा मिटून सुताचे धागे मोजायचो भिंगातून,
तो डोळा आपोआप मिटला.

मग सहा आठवडे काहीच नाही.
कॅलेंडरवर अमोनिया चढला, उतरला.
गल्लीतली पोरं मासे बघायला आली, दगड बघून गेली.
"मामा दगड पाळतोय."
मी सांगायचो, आधी ताणा, मग बाणा.
मागच नसलेल्या घरात जन्मलेली पोरं,
त्यांना काय कळणार.

मे. त्रेचाळीस.
टाकीवर दोन पंखे, कडेनं ओले टॉवेल,
आमच्याच मागावरचे, शेवटच्या लॉटचे, काठ चुकलेले.
पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं,
म्हणून भर घालायची ती गोड्याची.
रोज दोन तांबे.

त्या रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरनं दीडपर्यंत साथ दिली.
पंप थांबला आणि घर एकदम ऐकू यायला लागलं,
माग विकले त्या रात्रीसारखं.
मी स्टुलावर चढून मगानं पाणी उचलून पाण्यात सोडत राहिलो,
वरून, बारीक धारेनं, हवा जावी म्हणून.
खांदा भरून आला.
अनसूया उठली. मग माझ्या हातातून घेतला.

मला म्हणायचं होतं, तंबाखूचे हात...
पण ते ओले होते. बोटं चिंचेनं घासलेली,
मग साध्या पाण्यानं, नखांपर्यंत.
पुस्तकातलं ते पान मी एकदाच मोठ्यानं वाचलं होतं,
महिन्यापूर्वी, भिंतीला ऐकवल्यासारखं.

"झोंबतंय," ती म्हणाली. कात्रीच्या चिरा.
हात मात्र काढला नाही.

मग बॅटरी मागितली.
दगडाच्या भोकातून सुतासारखं काही बाहेर येत होतं,
एक पाय, काटेरी, चाचपडत. मग दुसरा.
कुणी मागवलं नव्हतं, पैसे दिले नव्हते.
दगडाबरोबर गुपचूप आलेलं,
सहा आठवडे उपाशी की काय.

"कोण ओ हे?"
नाव मला ठाऊक होतं. सांगितलं नाही.

बराच वेळ तिनं बॅटरी हलू दिली नाही.
मग ओलं बोट जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.
"खरा पण एवढाच खारट असतोय?"

मी काय सांगणार.
सोलापूरच्या पुढं फार तर पुणे.


असेल, म्हटलं.
दे, आता मी ढवळतो.